रंगाआधी भिंतीचे ऐका

रमजानचा पहिला अशरा, म्हणजे पहिले दहा रोजे पार पडले की हिंगोलीच्या बाजारात दोन ठिकाणी गर्दी वाढू लागते. कापडाच्या आणि सुकामेव्याच्या दुकानांतली गर्दी सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी गर्दी रंगाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांत असते. डिस्टेंपरच्या बादल्या, पुट्टीच्या गोण्या, ब्रश, काचपेपर सायकलवर, ऑटोत, डोक्यावर घेऊन माणसे घरी जाताना दिसतात. हिंदू घरांत दसरा-दिवाळीच्या आधी जी लगबग असते, तीच मुस्लिम घरांत ईदच्या आधी. ईदच्या दिवशी शिरखुर्म्यासाठी शेजारीपाजारी येणार, मुलांचे मित्र येणार, गावाकडचे नातेवाईक येणार. बैठकीची खोली तरी स्वच्छ, उजळ दिसावी ही प्रत्येक घराची इच्छा असते.

पण बऱ्याच घरांचा अनुभव असा की ईदला चकचकीत दिसलेली भिंत मृगाच्या पावसापर्यंत कशीबशी टिकते आणि पोळ्यापर्यंत तिचे पोपडे निघू लागतात. मग दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो, नाहीतर पेंटरला. खरे कारण बहुतेक वेळा रंगाच्या खाली असते. भेग बुजवलेली नसते, ओल थांबवलेली नसते, किंवा नवा गिलावा वाळायच्या आत त्यावर रंग चढवलेला असतो. हातावर पोट असलेल्या घराने वर्षभरातून एकदा बाजूला काढलेला पैसा असा चार महिन्यांत जमिनीवर पडतो.

दहाव्या रोजाची सकाळ

२०२४ च्या रमजानमध्ये हा प्रश्न जिल्ह्यात अधिकच ठळक झाला. २१ मार्चला दहावा रोजा होता. सहर आटोपून, फजरची नमाज पढून लोक जरा आडवे होत होते. सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी जमीन हादरली. त्या धक्क्याची तीव्रता ४.५ होती. अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. हिंगोलीबरोबर नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतही लोक घराबाहेर आले. जीवितहानी झाली नाही. पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्या, असे आवाहन त्या वेळी करण्यात आले. पुढे १० जुलैच्या सकाळी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला.

मार्चच्या त्या धक्क्यानंतर ईदला तीन आठवडे होते. घराघरांत लोक भिंतींकडे निरखून बघू लागले. ही भेग आधीपासून होती की आज पडली? यात नुसती पुट्टी भरून रंग मारला तर चालेल, की कुणा जाणकाराला दाखवावे? मराठवाड्यात हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप जुन्या माणसांच्या मनातून गेलेला नाही. त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे हेच अनेकांच्या अंगावर आले होते.

म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी एका गोष्टीचा निकाल लावावा लागतो. भेग गिलाव्याची आहे, की भिंतीची?

भेग वाचायची कशी?

गिलाव्याच्या भेगा केसाएवढ्या बारीक असतात. जाळीसारख्या पसरतात, कुठूनही निघतात आणि कुठेही थांबतात. सिमेंट जास्त पडले, रेती फार बारीक होती किंवा पाणी नीट मारले नाही, की अशा भेगा पडतात. त्यांनी घराला धोका नसतो.

काही भेगा सरळ रेषेत धावतात. कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटते तिथे उभी भेग, बीमच्या खाली आडवी भेग. काँक्रीट आणि वीट उन्हाने सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, म्हणून सांध्यावर ती पडते. स्लॅबच्या अगदी खालची आडवी भेगही बहुतेक अशीच असते. उन्हाळ्यात स्लॅब तापून पसरतो, रात्री आकसतो आणि भिंतीच्या माथ्याला ओढ बसते. अशा ठिकाणी नुसते भरण टिकत नाही, जाळी लावावी लागते.

तिसरा प्रकार लक्ष देण्याचा. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेग, किंवा आत आणि बाहेर एकाच जागी दिसणारी भेग. ही भिंतीची भेग असते. हिंगोली जिल्ह्यात तिचे कारण बहुतेक वेळा पायाखाली सापडते. कापूस, सोयाबीन आणि हळदीला मानवणारी इथली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळून आकसते. शेतात पडणाऱ्या भेगा सगळे बघतात. तीच माती घराच्या पायाखालीही तशीच हालते. पाया उथळ असेल तर घराचा एक कोपरा खचतो आणि भिंत तिरपी चिरते. अशी भेग मे महिन्यात रुंद होते आणि श्रावणात मिटल्यासारखी दिसते.

भेग अजून वाढते आहे का, हे तपासायला महाग यंत्र लागत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहावी. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवावी. काही आठवड्यांनी काच तडकली किंवा भेग खुणेच्या पुढे गेली, तर भिंत अजून हालते आहे. तिथे रंगाचा पैसा आधी पायाकडे आणि पाण्याच्या निचऱ्याकडे वळवावा.

जुन्या दगड-मातीच्या घरांत आणखी एक खूण बघावी लागते. भिंतीचे पोट सुटले आहे का? अशी भिंत आतून आणि बाहेरून दोन थरांत रचलेली असते. दोन्ही थरांना बांधणारे लांब दगड नसतील, तर थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगते. ओळंबा सोडून बघितले की ते लगेच कळते. फुगलेल्या भिंतीवर गिलावा करणे म्हणजे धोका झाकणे. तिथे अभियंत्यालाच बोलवावे आणि तोपर्यंत त्या भिंतीजवळ अंथरूण टाकू नये.

ओल आणि लोणा

भेगेनंतरचा दुसरा शत्रू ओल. भिंतीच्या तळाशी गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत रंग फुगतो, बोटाने दाबले की भुगा पडतो आणि त्यावर पांढरे कापसासारखे काहीतरी फुलते. यालाच लोणा लागणे म्हणतात. जमिनीतले पाणी विटांतून वर चढते, सोबत क्षार आणते. पाणी उडून जाते आणि क्षार गिलाव्यात राहून त्याला आतून फोडतात. बोअरच्या खारट पाण्याने बांधकाम केले असेल तर हा त्रास वाढतो.

इथे एक चूक सर्रास होते. लोणा लागलेल्या पट्ट्यावर घट्ट सिमेंटचा गिलावा करून टाकतात. ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, मग ती आणखी वर चढते. पुढच्या वर्षी तोच भुगा हातभर वर दिसतो.

आधी पाणी कुठून येते ते शोधावे. मोरीचा पाइप फुटला आहे का? गच्चीचे पाणी पन्हळीतून थेट भिंतीवर पडते का? भिंतीला टेकून माती, विटा किंवा शेणाचा ढीग आहे का? अनेक गल्ल्यांत सिमेंटचे रस्ते थरावर थर चढत गेले आणि घरांची जोती रस्त्याच्या खाली गेली. तिथे पावसाचे पाणी घराकडेच येते. नाली काढणे, पाइप बदलणे, माती हटवणे ही कामे दिसायला रंगाची नाहीत. पण रंग टिकतो तो याच कामांमुळे. पाणी थांबल्यावर खराब गिलावा काढून भिंत उघडी वाळू द्यावी. वर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकावेत. पाण्याने धुतले तर ते पुन्हा भिंतीतच जिरतात.

जुन्या भिंतीला जुनेच औषध

वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव या तालुक्यांतल्या जुन्या गावठाणांत पांढऱ्या मातीच्या आणि चुन्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. त्यांचे गणित सिमेंटच्या घरापेक्षा वेगळे आहे. माती आणि चुना ओल घेतात आणि सोडतात, थोडेफार वाकतात. सिमेंट कडक असते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा थर दिला की भिंत हालते पण थर हालत नाही. काही वर्षांत तो पापडासारखा सुटतो आणि पडताना मातीचा थर सोबत घेऊन येतो. म्हणून मातीच्या भिंतीला भुसकट कालवलेली माती आणि चुन्याच्या भिंतीला चुनाच लावावा. जुने गवंडी हेच सांगत आले आहेत. दुरुस्तीचा माल मूळ भिंतीपेक्षा कडक नसावा.

मातीत भुसकट किंवा काड घालण्याची रीत या प्रदेशात फार जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात काम केलेल्या रसायनतज्ज्ञासह दोघा अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडले. तंतू मातीला धरून ठेवतात आणि वाळताना पडणाऱ्या भेगा रोखतात. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यातही संगमरवर सगळीकडे नाही. भिंतींच्या वरच्या बऱ्याच भागावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा आहे. सतराव्या शतकातल्या त्या कामाला वेळोवेळी डागडुजी लागतेच, पण चुन्याची भिंत शतके उभी राहू शकते हे तिथे डोळ्यांनी दिसते.

दुरुस्तीची रीत

आता विटांच्या आणि सिमेंट गिलाव्याच्या नेहमीच्या भिंतीबद्दल. पहिले काम कानाचे. थापीच्या दांड्याने किंवा नाण्याने भिंत हळूहळू वाजवत जावी. जिथे खणखणीत आवाज येतो तिथला गिलावा पक्का. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे गिलाव्याने भिंत सोडलेली आहे. तेवढा भाग दिसायला चांगला असला तरी काढावा. घट्ट गिलावा लागेपर्यंत छिन्नीने मागे जावे.

मग भिंतीवर टाचे मारावेत, सैल धूळ ब्रशने काढावी आणि पाणी मारावे. भिंत ओलसर हवी, पाणी ओघळता कामा नये. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि माल चिकटण्याआधीच मरतो. आतल्या भिंतीला साधारण एकास सहा आणि बाहेरच्या भिंतीला एकास चार असे सिमेंट-रेतीचे प्रमाण चालते. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती हा समज चुकीचा आहे. जास्त सिमेंटने भेगाच जास्त पडतात. आतल्या गिलाव्याची जाडी १२ मिलिमीटरच्या आसपास असते. खड्डा त्याहून खोल असेल तर एकदम न भरता दोन थरांत भरावा आणि पहिला थर खरबरीत ठेवावा. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना पुरेशी पसरेल अशी जाळी ठोकून मग माल चढवावा.

रेतीही बघून घ्यावी. काचेच्या ग्लासात रेती आणि पाणी घालून हलवले आणि थोडा वेळ ठेवले की गाळाचा थर रेतीच्या वर बसतो. तो थर जाड दिसला तर रेती धुऊन वापरावी. मातकट रेतीचा गिलावा हाताने चोळला तरी झडतो.

बारीक भेगांना वेगळी रीत. भेगेवरून नुसता पुट्टीचा हात फिरवला तर पुट्टी वरच राहते. पत्तीच्या कोपऱ्याने भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी थोडी उघडावी, धूळ काढावी आणि भेगा भरण्याचा तयार माल आत दाबून भरावा. पुट्टी, जिला जुने पेंटर लांबी म्हणतात, ती भिंत गुळगुळीत करण्यासाठी असते. दोन हातांत मिळून तिची जाडी दीड-दोन मिलिमीटर पुरे. खड्डे भरायला पुट्टी वापरली की ती वाळताना तडकते. ओल येणाऱ्या भिंतीवर पीओपीचे भरणही टिकत नाही.

आणि ज्या भिंतीवर वर्षानुवर्षे चुना मारलेला आहे, तिच्यावर तळहात फिरवून बघावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर चुना खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नये. नवा रंग भिंतीला नव्हे, त्या भुकटीलाच चिकटतो आणि तिच्यासोबतच खाली येतो.

घाई कुणाची, वेळ कुणाची?

दरवर्षी रमजानमध्ये एक संवाद ठरलेला असतो.

"मिस्त्री भाई, ईदच्या आधी सगळं होऊन जाईल ना?"

"होऊन जाईल की भाभी. पण आज गिलावा आणि परवा रंग केला तर तो रंग राहणार नाही, मग मला बोलू नका."

मिस्त्रीचे म्हणणे बरोबर असते. नव्या सिमेंट गिलाव्याला किमान सात दिवस पाणी लागते. मार्च-एप्रिलच्या उन्हात लहान ठिगळ दोन तासांत वाळून पांढरे पडते. वाळले म्हणजे झाले असे वाटते, पण माल आतून कच्चाच राहतो. ओले गोणपाट लावून दिवसातून तीनदा पाणी मारावे. रोजेदारांच्या घरात याची वेळ सहज बसते. सहरनंतर एकदा, जोहरच्या सुमारास एकदा आणि इफ्तारच्या आधी एकदा.

त्यानंतरही भिंत आतून ओली आणि क्षारयुक्त असते. म्हणून नव्या गिलाव्यावर रंग देण्याआधी साधारण २८ दिवस थांबावे असे सांगतात. रोजे २९ किंवा ३०. म्हणजे गिलावा पहिल्या रोजाला केला तरी रंगाला चांदरात उजाडते. त्यामुळे शाबानमध्ये गवंडी आणि रमजानमध्ये पेंटर असा क्रम लावला तरच काम निभते. दिवाळीलाही तोच हिशेब. पाऊस ओसरताच गवंडी बोलवला, तर दिवाळीच्या आधी पेंटरला कोरडी भिंत मिळते.

ज्यांचे काम उशिरा निघाले त्यांनी काय करावे? संपूर्ण भिंतीचा गिलावा नवा असेल तर या ईदपुरता चुना मारावा. चुना स्वतःच क्षारयुक्त असल्याने नव्या गिलाव्याशी त्याचे भांडण नसते. तो ओलीला बाहेर पडू देतो आणि खर्चही कमी येतो. त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घातली की खोली उजळते. पुढे रंग द्यायचा तेव्हा तो खरवडून घ्यावा लागेल, एवढे ध्यानात ठेवावे. भिंतीवर एकच ठिगळ असेल तर उरलेली भिंत रंगवावी आणि ठिगळ तसेच सोडावे. समोर कपाट सरकवले तरी चालेल, फक्त मागे हवा खेळती ठेवावी.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. २०१५ आणि २०१६ ची ईद जुलैमध्ये आली होती. भर पावसात भिंत वाळणार कशी? आता तो उन्हाळ्यातून सरकत थंडीकडे चालला आहे. कोरडी हवा आणि सौम्य ऊन हा गिलाव्यासाठी सगळ्यात चांगला काळ. येत्या काही वर्षांत ईदच्या आधी भिंत नीट करून घेण्याची ही चांगली संधी आहे.

काम करणाऱ्याचाही विचार

रंगकाम आणि गवंडीकाम करणारे अनेक कारागीर स्वतः रोजे ठेवतात. उन्हात घोटभर पाणी न घेता ते शिडीवर उभे असतात. जड काम, म्हणजे गिलावा काढणे आणि खरवडणे, सकाळच्या गारव्यात ठेवले तर त्यांना सोपे जाते. पुट्टी घासताना उडणारी धूळ छातीत जाते, म्हणून तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा. चुना भिजवताना तो उकळतो आणि उडतो. डोळ्यांत गेला तर इजा होते. तेव्हा लहान मुलांना दूर ठेवावे आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली असावी.

जुन्या दारे-खिडक्यांवरचा ऑइलपेंट कोरडा घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना सर्वांत घातक. पाणी लावून घासावे आणि पडलेला भुगा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

भिंतीच्या दोन्ही बाजू

जुन्या वस्तीत दोन घरांमध्ये एकच भिंत असते. अलीकडे एकाचा देवघराचा कोनाडा, पलीकडे दुसऱ्याची नमाजची जागा. एका घरच्या मोरीची ओल दुसऱ्या घरच्या बैठकीत फुलते. ज्याच्या घरात डाग दिसतो तो वर्षानुवर्षे रंग मारत राहतो आणि ज्याच्याकडून पाणी येते त्याला त्याची गंधवार्ताही नसते. कधी यावरून बोलणे बंद होते. खरे तर एकदा शेजाऱ्याच्या दारात जाऊन "काका, तुमच्या मोरीचा पाइप जरा बघूया का?" एवढे विचारले की निम्मे काम होते. त्या पाइपचा खर्च दोघांनी वाटून घेतला तरी दरवर्षीच्या रंगापेक्षा तो कमीच पडतो.

मागच्या काही वर्षांत त्यासाठी वेळही जुळून आली. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला होता आणि ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला ईद. एकाच आठवड्यात दोन्ही घरांना भिंत उजळ हवी होती. मिस्त्री एकच, रेतीची गाडी एकच, परात आणि शिडीही तीच. अशा वेळी भिंतीच्या दोन्ही बाजूंचा गिलावा एकदमच वाजवून बघता येतो, पोकळ निघालेला भाग दोन्हीकडून काढता येतो आणि महिनाभर दोन्हीकडून पाणी मारून भिंत पक्की करता येते. मग अलीकडे कोणता रंग आणि पलीकडे कोणता, हे ज्याने त्याने ठरवावे.